लोविनानं शिडी ओढून घेतली

चर्चची देखभाल करणारा लोविना टटलचा नवरा निमोनियानं गेला, तसा चर्चचा झाडू, शेगडी आणि घंटा तिच्या गळ्यात पडली. बाईमाणसानं घंटा वाजवायची म्हणून पॉटर्स हॉलोतली म्हातारी मंडळी वर्षभर कुरकुरली. मग त्यांच्यातलंच एकेक जाऊ लागलं. ज्याचं जेवढं वय तेवढे टोल लोविना न चुकता देऊ लागली, तेव्हा कुरकुर थांबली. हिवाळ्याआधी घंटा ज्या आडव्या लाकडावर झुलते त्या जुवाला ती मेंढीची चरबी चोपडायची आणि मनोऱ्यात घाण करणाऱ्या कबुतरांना शिव्या द्यायची. एवढाच तिचा देवधर्म.

ही घंटा दुसरी. पहिली फुटली ती गुलामीवरून दक्षिणेतल्या राज्यांशी चाललेली लढाई संपली त्या दिवशी. आनंदाच्या भरात दोरीनं भागेना म्हणून गडीमाणसं घण घेऊन वर चढली होती. मग गावातल्या बायांनी घरातले चांदीचे चमचे काढून दिले, ते नव्या ओतकामात गेले. लोविनाच्या आईचा लग्नातला चमचाही त्यातच वितळला.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी जर्मनीशी लढाई थांबल्याची बातमी टेलिफोनवर आली. बादलीतल्या पाण्याचा दगड झाला होता. लोविना दोरीला लोंबकळतच होती, तेवढ्यात नदीपलीकडच्या बेकेट गावाची घंटा ऐकू आली. जलद, कर्कश, थांबायचं नाव नाही.

"घणानं बडवत्यात," दारातून असाहेल म्हणाला. असाहेल तिचा धाकटा दीर, गावचा लोहार. त्याचा पोरगा वॉरन फ्रान्सात लढाईवर होता, जिवंत. खांद्यावर घण आणि मागं निम्मं गाव. "आपुन काय कमी हाय?"

लोविनानं दोरी सोडली, झगा खोचला, सरसर मनोऱ्यात चढली आणि शिडी वर ओढून घेतली.

"वहिनी, शिडी सोड."

"दोरी हाय की खाली. ओढ. का हातात जोर न्हाई?"

"बेकेटवाले हसत्याल."

"हसू देत. ह्या थंडीत घण बसला तर तडा जाईल तिला. आयाबायांचे चमचे हायेत तिच्यात."

"माझा पोरगा जित्ता हाय, अन् तू मला चमचे सांगतीयास?"

"सांगती. तुझ्या आईचा बी हाय त्यात."

लोक हसले. असाहेल हसला नाही. त्यानं गोठ्यावरची शिडी मागवली. लोविना वर येण्याच्या भोकावरच्या फळीच्या झडपेवर बसली. खालून शिडी टेकल्याचा आवाज आला, मग त्याच्या बुटांचा. त्यानं खांदा लावला. झडप उचलली, तिच्यावरची लोविनाही उचलली गेली. तिनं दोन्ही हातांनी तुळई धरली, पण लोहाराच्या खांद्यापुढं तिचं वजन ते काय.

तेवढ्यात बेकेटचा एक टोल अर्धाच आला. पुढचा आला तो फुटक्या तव्यावर पळी आपटल्यासारखा. मग काहीच आलं नाही.

झडप खाली बसली.

"वहिनी."

"काय?"

"फुटली त्यांची."

"ऐकलं म्या. घण दे वर."

बऱ्याच वेळानं फटीतून दांडा वर आला. लोविनानं घण कोपऱ्यात ठेवला, खाली उतरली आणि दोरी असाहेलच्या हातात दिली.

"हिसका देऊ नगंस. झुलू दे तिला."

दुपारपर्यंत त्यानं कुणाला दोरीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तो घण मागायला आला. "वहिनी, भट्टी थंड पडलीया."

"वॉरन घरी येऊ दे," लोविना चरबीचं भांडं पुसत म्हणाली. "तवर बारक्या हातोड्यावर भागव. त्यो आला की पुन्हा घंटा बडवायचा चेव चढंल तुला, त्यो उतरला की घण ने."