पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत

यवतमाळच्या आमच्या झूऑलॉजी लॅबमध्ये पांढऱ्या उंदरांची पिल्लं जास्त की किस्से जास्त, सांगणं कठीण! पिल्लांची निदान नोंद तरी होते.

आमच्या गाइड सविता मॅडम पुसदकडच्या तांड्यावरच्या. त्यांच्या याडीनं, म्हणजे आईनं, एकदा विचारलं, "उंदरं पकडाले पीएचडी कायले लागते?"

"पकडाले नाही याडी, त्यांच्या डोक्यात पाहाले!"

* * *

'मेंदूतील अफूसदृश द्रव्ये' अशी पाटी वाचून एक हवालदार आत शिरला. "मॅडम, माल कुठं आहे?"

"तुमच्या टोपीखाली! दुखणं कमी कराले मेंदू स्वतःच बनवते. करता जप्त?"

हवालदार टोपी सावरत निघून गेला.

* * *

बाहेरून आलेले एक तज्ज्ञ म्हणाले, "नवजात पिल्लाला काय कळतं? मोठे उंदीर घ्या."

मॅडम भडकल्याच. "मेंदूतल्या या द्रव्यांपैकी काही जन्माआधीच दिसतात, काही जन्मल्यावर वाढत जातात. मले ते वाढणंच पाहाचं आहे! अन् लहान्याले कळत नसते, तर तुमची नात इंजेक्शन घेताना काहून बोंबलते?"

तज्ज्ञ चहा अर्धाच टाकून उठले.

* * *

लॅबमध्ये सेंट, अत्तर बंद. हातमोजेसुद्धा त्याच घरट्याच्या भुशात घोळवायचे, मगच पिल्लू उचलायचं. परक्या वासानं माय बिथरली, की पिल्लांच्या मेंदूतलं मोजमाप बिघडतं. माझ्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला दारातूनच परत पाठवलं. "साखरपुडा तुझा झाला, पिल्लांचा नाही! धुऊन ये."

* * *

मग तो मे महिना. प्राचार्यांना आमची खोली व्हीआयपी कक्षासाठी हवी होती, आणि शेवटच्या प्रयोगाची माय नुकतीच व्यालेली. पिंजरा हलवला तर मॅडमची सगळी मेहनत मातीत!

"सर, पिल्लांचे डोळे उघडले की खोली घ्या."

"आजच पाहिजे."

"मंग आधी मले उचला!" मॅडम दारातच खुर्ची टाकून बसल्या. मला त्यांचा असा अभिमान वाटला!

सरांनी संतापून खोलीची लाइट तोडायला लावली. आम्ही खिडक्यांना ओली पोती बांधली आणि पुठ्ठ्यांनी वारा घालत राहिलो. थोड्या वेळानं कळलं, सरांच्या केबिनचा एसीही त्याच लाइनवर! आणि वायरमन जेवायला गेलेला.

सर घामानं निथळत आमच्या दारात आले. "खोली ठेवा, बाई, डोळे उघडेपर्यंत. पण मला जरा आत गारव्यात बसू द्या."

मॅडम खुर्चीवरून हलल्या नाहीत. "अत्तर लावून आले ना, सर? नळ तिकडं आहे. अन् साबण नका लावू, त्यालेही वास असते."