घडी न पडलेल्या नोटा

डॉलरच्या नोटांना इस्त्री करणारा माणूस मी एकच पाहिला, भूगावचे बबनतात्या. आमची सोसायटी त्यांच्याच जमिनीवर उभी आहे. बँकॉकच्या सहलीला आम्ही बरोबर निघालो होतो. आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तर स्वारी टेबलावर धोतर अंथरून शंभराच्या नोटांवर हलक्या हाताने इस्त्री फिरवत होती. "घडी पडलेल्या नोटंला तितं रेट कमी देत्यात, साहेब." मला हसू आलं.

बिल्डरने त्यांचा पहिला तुकडा मातीमोल भावाने घेतला होता. तेव्हापासून सगळं जग आपल्याला लुटायला टपलंय, असं त्यांना वाटे. "येकदा फसलो. आता कुनाला रुपाया सुटू देनार न्हाई," हे त्यांचं पालुपद. मला त्यांची कीव यायची. सहलीत तीही आटली.

"इमानतळावर पैसं बदलील तो येडा," म्हणत तिथे उतरल्यावर त्यांनी एकही नोट बाहेर काढली नाही. त्यांच्या बायकोला, हिराकाकूंना, तहान लागली तेव्हा पाण्याची बाटली मी घेऊन दिली. संध्याकाळी तात्यांनी तिचे पैसे रुपयांत चुकते केले, तेही त्यांना शहरात मिळालेल्या स्वस्त दराने. वर म्हणतात, "तुमी म्हागात बदललं, त्याला मी काय करू?" मला किळस आली.

अख्ख्या सहलीत काकूंनी एकच गोष्ट मागितली, नदीतली बोट. "मुळशी धरणाचं पानी जल्मभर बघितलं, पर बोटीत कदी बसले न्हाई." शेवटच्या संध्याकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. तिकीट रोखीने काढायचं होतं, तात्यांचे आधी बदललेले पैसे संपले होते आणि पैसे बदलायची खिडकी तिथेच होती. तात्यांनी तिच्यावरचा दर वाचून नाक मुरडलं. "दोन गल्ल्या सोडून बरा भाव मिळतुया. आलोच."

बोट सुटायची वेळ झाली. मी काकूंच्या तिकिटासाठी पाकीट काढलं.

"नको भाऊ, त्यांना न्हाई आवडायचं. येत्यालच की."

बोट कुणासाठी थांबत नाही. पर्स पोटाशी धरून उभ्या असलेल्या काकू आम्हाला बोटीतून बराच वेळ दिसत राहिल्या. आम्ही परत आलो, तेव्हा तात्या धक्क्यावर खुशीत होते. भेळेच्या एका प्लेटीइतका फायदा झाला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही विमानात बसलो.

पुढच्या वर्षी काकू हृदयविकाराने गेल्या. तेराव्याला पंगत बसायच्या आधी तात्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. कपाटातून प्लॅस्टिकची फाईल काढली. आत थायलंडच्या नोटा होत्या, एकीलाही घडी नव्हती.

"तिच्या बोटीचं पैसं हायेत हे, तसंच ऱ्हायलं. हितला दुकानदार लई कमी देतोय. तुमी दिवाळीत परत तिकडं चाललाय म्हनं, मंग तुमीच घ्या. आजचा रेट मी बघून ठेवलाय."

बाहेर काकूंच्या फोटोला हार घातलेला होता. चपला पायात सरकवल्या आणि न जेवता निघालो.

फाटकापर्यंत आलो, तेव्हा मागून तात्यांची हाक आली.

"अवो साहेब, थांबा की. थोडं कमी करतो."