कच्चा बर्फ

आईस्क्रीम व्हायला किती वेळ लागतो असं कुणी विचारलं, की आम्ही भावंडं पानांत उत्तर द्यायचो. पंधरावीस पानं. चित्रं जास्त असतील तर पंचवीस. ऐकणाऱ्याला वाटायचं, ह्या पोरांना ऊन लागलंय.

आमचं घर तामलवाडीजवळ, तुळजापूर-सोलापूर रस्त्याला लागून. घरात आईस्क्रीमचा पॉट होता. लाकडी बादली, तिच्या मधोमध दुधाचा डबा, डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ, वर फिरवायचा दांडा. गावात दुसरा पॉट नव्हता, त्यामुळं आम्ही पोरं उगाचच नाक वर करून हिंडायचो. पण दांडा फिरवायची वेळ आली की नाक खाली. सुरुवातीला सगळ्यांना हौस, मग एकाला तहान लागायची, एकीच्या पायाला मुंग्या यायच्या, आणि माझ्या धाकट्या भावाला तर नेमकं त्याच वेळी परसाकडं जायचं असायचं. शेवटी वडील, म्हणजे आमचे अण्णा, एकटेच घामाघूम होऊन दांडा फिरवायचे आणि आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायचे. ते खानदान त्यांचंच आहे, हे त्यांच्या लक्षात येत नसे.

यावर आजोबांनी तोडगा काढला. तुळजापूरच्या वाचनालयातून गोष्टीचं पुस्तक आणायचं आणि ते फक्त पॉट फिरत असतानाच मोठ्यानं वाचायचं. पान उलटलं की दांड्यावरचा हात बदलायचा. आईस्क्रीम जमलं की पुस्तक बंद, आणि थेट आजोबांच्या ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली त्यांच्या करदोड्याला असायची, त्यामुळं चोरीचा प्रश्नच मिटला.

माझा आवाज घरात सगळ्यांत खणखणीत, म्हणून वाचन माझ्याकडं आलं. तशी सत्ता मला पुन्हा आयुष्यात मिळाली नाही. भाऊ दांड्यावर बसला की मी प्रत्येक स्वल्पविरामाला थांबायची, घसा खाकरायची, पाणी मागायची. चुलतबहीण बसली की पान भुर्रकन उलटायचं, कारण तिच्या फ्रॉकच्या खिशात चिंचा असायच्या आणि त्यांतल्या अर्ध्या माझ्या असायच्या. चित्राचं पान आपल्या वाट्याला यावं म्हणून तर मारामाऱ्या व्हायच्या. "हिला वाचनावरून काढा!" असं भाऊ दर उन्हाळ्यात ओरडायचा. त्यानं स्वतः वाचून बघितलं एकदा. जोडाक्षर आलं की तो दांड्यासारखा अडकायचा. मग पुन्हा मीच.

मीठ आईकडं होतं. बर्फावर मीठ टाकताना एक खडा जरी डब्यात गेला तरी सगळ्या दुधाची वाट लागते, म्हणून ते काम पोरांना द्यायचं नाही, असं आजोबांनी ठरवून टाकलेलं. आई मिठाचं गाडगं मांडीशी घेऊन पाटावर बसायची. दिवसभरात मी तिला बसलेली तेवढीच बघायची. एरवी आई म्हणजे पाठमोरी. चुलीपुढं पाठमोरी, हौदाशी पाठमोरी, धुण्याच्या दगडावर पाठमोरी. पॉट फिरायला लागला की ती समोरून दिसायची, आणि मला ती समोरून फार आवडायची.

बर्फ धाकटे काका आणायचे. गोणपाटात, भुशात गुंडाळलेली लादी यष्टीच्या टपावर टाकून ते तुळजापुराहून यायचे. लादी वितळत यायची आणि खिडकीतल्या लोकांच्या डोक्यावर ठिबकायची. एकदा दर्शन करून परतणाऱ्या एका म्हातारीनं ते थेंब तळहातावर घेऊन डोळ्यांना लावले आणि "उदे गं आई, उदे" म्हणाली. काकांना तिचं मन मोडवेना. त्यांनीही हात जोडले.

ज्या उन्हाळ्याचं मी सांगतेय, त्या उन्हाळ्यात वाचनालयातून जाडजूड पुस्तक आलं. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह. दिवा लावणारा बाप होडी घेऊन तेल आणायला किनाऱ्यावर गेलेला, वर वादळ उठलेलं आणि दीपगृहात त्याची मुलगी एकटी. दिवा विझला तर बापाला खडक दिसणार नाही आणि होडी फुटणार. तेल तर संपत आलेलं.

आमच्यापैकी कुणी समुद्र बघितला नव्हता. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकरमागं घागर घेऊन पळायची वस्तू. एवढं पाणी असून ते पिता येत नाही म्हणजे काय, यावर आमची कडाक्याची भांडणं झाली. भाऊ म्हणाला, "उकळून प्यायचं." चुलतबहीण म्हणाली, "गाळून." आजोबा म्हणाले, "गप बसून ऐका."

आईचे प्रश्न वेगळेच असायचे. लाटा छपराएवढ्या झाल्या, खिडकीची काच फुटली, मी हातवारे करून वाचतेय, सगळे श्वास रोखून बसलेत, आणि आई हळूच विचारायची, "तिच्याकडं पीठ किती राहिलंय गं?"

"आई, वादळ आलंय!"

"वादळ आलं तरी भूक लागतीच की."

आईस्क्रीम जमलं, पुस्तक ट्रंकेत गेलं, की आम्ही वाट्यांवर तुटून पडायचो. आई मात्र हिरमुसायची. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मला म्हणायची, "यील का गं तिचा बाप?" मी म्हणायची, "मला काय माहीत? पुस्तक ट्रंकेत हाय." "व्हय की," असं म्हणून ती पुढची भाकरी घ्यायची. गोष्टीचा शेवट आईला किती हवा होता, हे तेव्हा घरात एकट्या मलाच ठाऊक होतं. तिनं तो दुसऱ्या कुणाला विचारला नव्हता.

आणि मग आईस्क्रीम बिघडलं. म्हणजे बिघडलं नाही, लांबलं. आधी पंधरावीस पानांत जमणारं दूध तिसाव्या पानालाही पातळ. गोष्ट रंगात येत चालली तसा दांडा हलका हलका होत गेला. आम्ही पोरं खूश, पानं भरपूर. अण्णांचा मात्र पारा चढला. "बर्फच कच्चा हाय," ते म्हणाले. पुढच्या खेपेलाही तेच, "बर्फच कच्चा हाय." शेवटी ते स्वतः यष्टीत बसून तुळजापुरात गेले आणि त्या बर्फवाल्याला भर रस्त्यात झाप झाप झापून आले. बर्फवाल्यानं देवीची शपथ घेतली. अण्णा म्हणाले, "देवीला मधी आणू नगंस, पाणी नीट गोठीव." बर्फवाला बिचारा कानकोंडा झाला. त्यानं पुढच्या वेळी काकांना लादी थोडी मोठीच दिली, तरी दूध पातळ ते पातळच.

तेवढ्यात काकांचं लग्न ठरायच्या बेतात आलं. मुलीकडची मंडळी घर बघायला येणार म्हणून पॉट लावायचं ठरलं. पुस्तकाची मुदत दोनदा वाढवून झाली होती आणि दुसऱ्या दिवशी काका ते परत देणार होते. म्हणजे हा शेवटचा पॉट. आईस्क्रीम आधी जमलं तर पुस्तक ट्रंकेत, ट्रंकेतून यष्टीत, आणि बाप आला की बुडाला हे आम्हाला जन्मात कळणार नाही. आजोबांपुढं नियम वाकवायची छाती कुणाची नव्हती, आईची तर नव्हतीच.

मी वाचायला बसले. दुपार टळली. तेलाचा शेवटचा थेंब दिव्यात गेला. मुलीनं स्वतःचं लुगडं फाडून वाती केल्या. दांडा सर्रसर्र फिरतोय, दूध पातळ. मुलीनं स्वयंपाकातलं गोडं तेल आणून दिव्यात ओतलं. "आता भाजी कशात करंल?" आई पुटपुटली. तेवढ्यात पाहुणे आले. पुढं होणाऱ्या काकूचे वडील, भरघोस मिशा, डोक्याला फेटा, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. मागं त्यांची चार माणसं. पाणी झालं, चहा झाला, पानसुपारी झाली, हवापाणी बोलून झालं, पुन्हा तेच हवापाणी बोलून झालं. आजोबा आतल्या दाराकडं बघायला लागले. अण्णा घाईघाईनं आत आले, दांडा फिरवून बघितला आणि कपाळाला हात लावला. बादलीच्या भोकातून पाणी गळत होतं. काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी त्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं.

"अळणी!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की ओसरीवरचे पाहुणे उठून आत आले. "ह्ये तर प्यायचं पाणी हाय! मीठ कुठंय?"

सगळ्यांनी आईकडं बघितलं. आई उठली नाही. तिला उठताच येईना, कारण तिच्या ओच्यात मीठ होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मूठ बर्फावर न्यायची, दोन खडे टाकायचे आणि बाकीची मूठ ओच्यात सोडायची, असं तिचं गेले कित्येक पॉट चाललेलं. आमच्यातल्या कुणी बघितलं नव्हतं, कारण आम्ही सगळे समुद्रात होतो.

"म्हंजे त्या बर्फवाल्याला मी उगंच..." अण्णा ओल्या बोटाकडं बघत म्हणाले.

आईचा चेहरा लालबुंद. होणारे व्याही दारात, सासरे पुढं, आणि ओच्यात शेरभर मीठ. ती खाली बघत म्हणाली, "गोष्ट संपस्तोवर दूध जमू नये, असं वाटलं."

मला वाटलं, आता लग्न मोडणार, पुस्तक ट्रंकेत जाणार आणि आई पुन्हा कायमची पाठमोरी होणार.

आजोबांनी फेटेवाल्यांकडं बघितलं, मग आईकडं, मग माझ्याकडं. "किती पानं ऱ्हायलीत?"

"तीन," मी म्हटलं.

"मग वाच की! आमच्या तोंडाकडं काय बघतीस? पाव्हणं, बसा जरा, बाप यायचाय अजून."

कुणाचा बाप, हे पाहुण्यांना काय कळणार? पण ते बसले. अण्णा त्यांना दबक्या आवाजात मागची गोष्ट सांगायला लागले आणि सांगता सांगता वादळ एवढं वाढवलं की आजोबांना त्यांना गप्प करावं लागलं. मी वाचलं. दिवा फडफडला. अंधारात ठिपका दिसला. ठिपक्याची होडी झाली. होडीतून बाप उतरला आणि त्यानं पोरीला उचलून घेतलं. आई पदरानं डोळे पुसत होती, भाऊ आपण रडत नाही असं सगळ्यांना सांगत होता, आणि दांडा कोण फिरवतंय म्हणून मी बघितलं, तर फेटेवाले!

आईस्क्रीम काही झालं नाही. आम्ही ते पेल्यात ओतून प्यायलो. फेटेवाल्यांनी मिशा पुसत दुसरा पेला मागितला आणि मगच चेहरा थोडा सैल सोडला. निघताना एक पाय चपलेत घालून ते थबकले. "ती पोरगी पुढं खडकावरच ऱ्हायली, का गावात आली?"

पुस्तकात ते नव्हतं. आईनं आतूनच उत्तर दिलं, "गावात आली आसंल की. एकटीनं किती दिस भाकरी थापायची?"

लग्न ठरलं. पुढच्या पॉटला मीठ नीट पडलं, आणि बर्फवाल्याची समजूत काढायला अण्णा त्यातलं डबाभर आईस्क्रीम घेऊन गेले. यष्टी वाटेत बंद पडली, त्यामुळं त्यालाही दूधच मिळालं. पण देवीची शपथ खरी ठरली म्हणून तो खूश झाला, असं अण्णा सांगतात.

तो पॉट पुढं माळ्यावर गेला. आम्ही पांगलो. परवाच्या मे महिन्यात मी गावी गेले, तर भावजयीनं विजेवर चालणारं आईस्क्रीमचं यंत्र आणलेलं. बटण दाबलं, घुर्र झालं, आईस्क्रीम तयार. चव झकास, खोटं कशाला बोलू. भावाची पोरं वाट्या चाटून मोबाईलकडं पळाली. आईनं वाटी खाली ठेवली, यंत्र मागून-पुढून बघितलं आणि म्हणाली, "चांगलं हाय. पण ह्यात गोष्ट बसायची न्हाय."

भावजय शहाणी. तिनंच माळ्यावरनं पॉट काढायला लावला. लाकूड वाळून बादलीला फटी पडल्या होत्या, ती रात्रभर पाण्यात फुगत घातली. मी येताना एक पुस्तक आणलं होतं, कळपातून चुकलेल्या उंटाचं. मी चष्मा लावून वाचायला बसले. पोरं आधी चेष्टेनं आली, मग टेकली. आई पाटावर नाही, आता खुर्चीवर, मांडीशी मीठ. अण्णांनी दांडा धरला. त्यांचे हात थरथरतात, पण दुसऱ्याला देतील तर शपथ.

उंट वाळवंटात. तळं आटलेलं. "काय खात आसंल गं त्यो?" आईनं विचारलं. मला एवढं हसू फुटलं की ओळ चुकली. पण गोष्ट ऐकण्याच्या नादात आईचा हात सैल सुटला होता. मुठीमागून मूठ सगळं मीठ बर्फावर पडत होतं. आता तिच्या हाताला अंदाज राहिलेला नाही. थोड्या पानांतच दांडा जड झाला. अण्णांचे खांदे वर आले, मान ताठली, दांडा जेमतेम अर्धा फेरा घेऊन अडकला. डबा जमला होता. मला दिसलं, भावाला दिसलं.

दांडा थांबल्याचं आईच्याही कानांना कळलं. तिनं गाडगं खाली ठेवलं. "झालं व्हय?" ती म्हणाली, अगदी त्या जुन्या हिरमुसल्या आवाजात. उंट अजून वाळवंटातच होता.

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी तो अडकलेला दांडा धरला, उगाच पुढं-मागं हलवला आणि माझ्यावर खेकसले, "कुठलं होतंय? बर्फच कच्चा हाय. तू वाच."