लांजेवार साहेबांच्या उठाबशा

लांजेवार साहेब ऑफिसात कान धरून उठाबशा काढत होते आणि खिडकीबाहेर शंभरेक मजूर गंभीर चेहऱ्यानं उभे होते. काँक्रीटचा मिक्सर थांबला होता. मला जीप पाठवून बोलावलं गेलं, कारण हा व्यायाम मी सांगितला होता.

भिलाईचा पोलादाचा प्लांट तेव्हा रशियनांच्या मदतीनं उभा राहत होता. मी साइटच्या दवाखान्यात डॉक्टर. लांजेवार पाया घालण्याच्या कामावरचे इंजिनियर, भंडाऱ्याकडचे. परांचीची पहिली शिडी चढताच त्यांना धाप लागायची. ब्लड प्रेशर चांगलंच चढलेलं.

"साहेब, हृदय म्हणजे स्नायूच," मी त्यांना सांगितलं होतं. "रोज थोडं कामाला लावलं की ते दमदार होतं. प्रेशर उतरतं, झोप लागते. चालायला लागा. चालताना बोलता येईल एवढ्याच वेगानं."

"मले जीप आहे जी. चालू कावून?"

"म्हणूनच."

ते चालले. पण पायी चालणारा साहेब साइटवर कुणी पाहिलाच नव्हता. जीप बिघडली असेल असं समजून प्रत्येक ट्रक थांबायचा. 'नको' म्हटलं तर ड्रायव्हर घाबरायचा, माझं काय चुकलं म्हणून. साहेब बिचारे चढून बसायचे.

शेवटी मी म्हटलं, "ऑफिसातच हळूहळू उठाबशा काढा. श्वास रोखू नका." हात कुठं ठेवायचे ते सांगायचं राहिलं. साहेबांना उठाबशा शाळेतल्याच ठाऊक. त्यांनी कान धरले.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतले रशियन इंजिनियर आले. त्यांना वाटलं, ही इथली कसरतीची पद्धत. त्यांनी कोट काढला, स्वतःचे कान धरले आणि साहेबांच्या शेजारी उत्साहानं सुरू झाले.

बाहेर अर्थ सरळ लागला. पाया चुकला, दिल्लीहून शिक्षा आली, रशियन साहेबही सुटला नाही.

मी पोहोचलो तेव्हा मुकादम दारात हात जोडून उभा होता.

"डॉक्टरसाहेब, त्याईले सोडा जी. आमी पाया पुन्हा खोदून देतो."

"अरे, पाया बरोबर आहे! हा व्यायाम आहे."

"कान धरून?"

आत लांजेवार धापा टाकत ओरडले, "मिक्सर कावून बंद आहे?" त्यांची काळजी खरी होती. काँक्रीट ओतायला घेतलं की मध्ये थांबता येत नाही. आधीचा थर घट्ट झाला तर नवा त्याच्याशी एकजीव होत नाही आणि पाया कच्चा राहतो.

"तुमाले शिक्षा होऊन राहिली, आमी काम कसं करू?" मुकादम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

लांजेवार कान सोडून बाहेर आले. हात समोर लांब करून सगळ्यांसमोर पाच उठाबशा काढल्या. "पाहा. शिक्षा नाही. माझं पोट कमी करून राहिलो."

आधी कुणी हसेना. मग एक बाई खुदकन हसली आणि सगळी साइट हसली. मिक्सर सुरू झाला. थर वेळेत पडला.

काही महिन्यांनी साहेब न थांबता परांची चढू लागले. प्रेशरही उतरलं. रशियन इंजिनियर मात्र कान सोडायला तयार नव्हते. त्यांना त्यानं बरं वाटत होतं.

व्यायाम थोड्यापासून सुरू करावा आणि रोज करावा, हे मी पेशंटला आजही सांगतो. फक्त सोबत हेही सांगतो, की घरच्यांना आधी कळवून ठेवा.