सोवळ्यातल्या आईचा इलाज

आई कडक सोवळ्याची. सुलतान बाजारच्या आमच्या घरात तिची शेगडी वेगळी, पाण्याचा हंडा वेगळा. माझी बायको तेलुगू, मटण खाणाऱ्या घरातली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आईने तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. यावरून मी आईशी भांडून भांडून थकलो. सासूला अत्तय्या म्हणणारी बायकोच मला आवरायची. "जाऊ द्या हो, अत्तय्यांची आदत आहे ती."

न्यूमोनियासाठी आईला जबर अँटिबायोटिक्स दिली आणि त्यानंतर जुलाब लागले, ते थांबेचनात. डॉक्टर म्हणाले, औषधाने आतड्यातले चांगले जंतू मेले आणि एका वाईट जंतूने तिथे ठाण मांडलं. गोळ्या दिल्या की चार दिवस बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल झाल्या, ताक झालं. आई सुकून एवढीशी उरली. ती आता जाणार या भीतीने मला अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी सिकंदराबादच्या डॉक्टरांनी वेगळा उपाय सुचवला. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, नळीने आईच्या आतड्यात सोडायची, म्हणजे चांगल्या जंतूंची वस्तीच तिथे हलवायची. देणारं घरातलं असलं तरी चालेल म्हणाले. मी नुकतीच अँटिबायोटिक्स घेतली होती, म्हणून मी बाद. बायको तिथल्या तिथे डॉक्टरांना म्हणाली, "मेरा ले लो ना जी. उसमें क्या है?"

तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. वॉर्डाबाहेर मी वाक्यं जुळवत उभा राहिलो आणि जुळवता जुळवताच माझं डोकं तापलं. या खेपेला नाही म्हणाली तर ऐकून घ्यायचं नाही. जीव जायची वेळ आली आणि तुला सोवळं सुचतंय, हे तिच्या तोंडावर बोलायचं, असं ठरवून आत गेलो.

उपाय सांगितला. कोणाचं घेणार, तेही सांगितलं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी बोलायला सुरुवात करणार तोच तिने माझं मनगट धरलं.

"तिला विचारलंस का?" ती म्हणाली. "इतका छळ केला मी तिचा. ती कशाला देईल रे मला?"