तिसऱ्या खोलीचे टेकू

आजवर हे मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, भावाच्या नाही; महादेवापुढे हात जोडतानाही या गोष्टीला वळसा घालूनच गेलो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आधी शाळेचं सांगतो. तेवढं जमेल.

दिघोरीच्या रस्त्याला, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आमची जिल्हा परिषदेची शाळा. शाळा म्हणायची म्हणून म्हणायची — मातीच्या भिंती, कवेलूचं छप्पर, तीन खोल्या आणि एक ओसरी. तिसऱ्या खोलीची मयाल, म्हणजे सगळं छप्पर ज्याच्यावर तोललेलं असतं ते आडवं लाकूड, वाळवीनं आतून खाल्लेली. बोटानं ठोकली तर पोकळ वाजायची. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झालेली. मी अठ्ठाविशीचा, सहायक शिक्षक, आणि भंडाऱ्याच्या एका साप्ताहिकाचा गावचा वार्ताहर. वार्ताहर! वृक्षारोपण उत्साहात, स्नेहसंमेलन उत्साहात, सभापतींचं स्वागत उत्साहात. आमच्या शाळेत सगळं उत्साहातच व्हायचं. छापून आलं की तो अंक मी पानठेल्यावर उघडा ठेवून द्यायचो — कुणाची तरी नजर पडावी म्हणून. कोण वाचणार? लोक त्यात चुना-तंबाखू बांधून न्यायचे.

हटवार गुरुजी आमचे मुख्याध्यापक. शहापूरचे. पन्नाशी उलटलेले, धोतर, घोगरा आवाज. दरवर्षी दुरुस्तीची मागणी वर पाठवायचे आणि दरवर्षी वरून "पाहू" यायचं. मला म्हणायचे, "एक ओळ लिहून दे ना गा पेपरात. मयाल गेली म्हनून लिही. एकच ओळ." मी हसण्यावारी न्यायचो. सभापतींना वाईट वाटलं असतं ना! आणि सभापती मला नावानं हाक मारायचे. एवढीच माझी किंमत. ती कुणी विचारलीही नव्हती, मीच आपणहून कमी करून ठेवली होती.

शेवटी गुरुजींनी सागाचे दोन टेकू कुठून तरी आणले आणि मयालीखाली उभे केले. पाचरा ठोकताना म्हातारा घामाघूम. मी ओसरीतून पाहत होतो. भित्रा, असं मनात म्हणत होतो. हात लावला नाही.

मग दिवाळी आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक हवंच. माणूस उपाशी राहील, नाटकाशिवाय राहणार नाही. त्या वर्षी नाटकाचा नायक मी. मंडप उभा राहत होता, तर मधला भाग झोल खाऊ लागला. पोरं म्हणाली, "मास्तर, दोन खांब कमी पडून राहिले." शाळेला सुट्टी, गुरुजी शहापूरला, किल्ली माझ्याकडे — आणि मी म्हणालो, "तिसऱ्या खोलीत आहेत. न्या."

किती सहज म्हणालो!

नाटक झालं. टाळ्या पडल्या. सकाळी मंडप सुटला तेव्हा आचाऱ्यानं ते टेकू फोडून चुलीत घातले. नाटकवाल्यांच्या जेवणाला लाकूड कमी पडत होतं. मला कळलं तेव्हा मी पंगतीत होतो. काय केलं? रस्सा वाढून घेतला.

शाळा उघडली. गुरुजी शहापुरात तापानं पडलेले, म्हणून चार्ज माझ्याकडे. दुसरे टेकू आणता आले असते. कुणीही दिले असते. पण मागायचे म्हणजे पहिल्यांचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. गुरुजी आले ते ओढलेल्या चेहऱ्यानं, अंगावर घोंगडी. आल्याबरोबर तिसऱ्या खोलीत शिरले. "टेकू कोठी गेले गा?" मी म्हणालो, "तुळशीराम सुताराकडे दिलेत, गुरुजी. वरून तासून आणतो म्हणाला."

लगेच पटलं त्यांना. "बरं. तवरिक पोरं ओसरीत बसव," म्हणाले आणि फळीवर जाऊन टेकले.

मी पोरं ओसरीत बसवली नाहीत; पहिल्या खोलीत घोंगडी ओढून पडलेल्या गुरुजींना ते कळलंही नाही. म्हाताऱ्याच्या भीतीला मी किती मान द्यायचा?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर वानरांची टोळी छपरावर उतरली. रोजच उतरायची. या वेळी मयाल मोडली. पोरं नुकती आत शिरत होती, म्हणून बरीच वाचली. शेवंता आधीच येऊन बसली होती — तलावावर मासोळ्या धरणाऱ्या घरातली, पाटी जपणारी पोर. तिच्या गुडघ्यावर लाकूड आलं. आणि मी कुठे होतो? पानठेल्यावर.

पानठेल्यावर संध्याकाळपर्यंत गंमतही सुरू झाली होती. "वानरायनं शाळा पाडली गा! आता सभापती वानरायले हार घालीन." हसणारे तेच, ज्यांनी रात्रभर त्या टेकूंखालचं नाटक पाहिलं होतं.

चौकशीला साहेब आले. गुरुजी म्हणाले, "टेकू लावले होते साहेब, म्या सोताच्या हातानं. सुताराकडे तासाले नेले, हे मास्तर म्हनले मले."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"टेकू?" मी म्हणालो. "मी तर तिथं कधी पाहिले नाहीत, साहेब."

तुळशीरामला बोलावलं. तो हात जोडून म्हणाला, "मले कोनी टेकू देले नाई, साहेब. लेकराची आन." खरं बोलला बिचारा. त्याच्या खऱ्यानं गुरुजी खोटे ठरले. टेकू वाहून नेणारी पोरं भिंतीला टेकून उभी होती. एकजण दुसऱ्याच्या कानात पुटपुटला तेही मला ऐकू आलं — "मास्तरच नाई म्हनून राहिला, त आपन काहून मधात पडा?" वा रे गाव! आणि वा रे गावचा मास्तर!

त्या आठवड्याला मी बातमी पाठवली. गुरुजींना हवी होती ना मयालीची ओळ? ती लिहिली. मुख्याध्यापकांच्या हलगर्जीपणामुळे छप्पर कोसळले, विद्यार्थिनी जखमी. पहिल्या पानावर आली. गुरुजी निलंबित झाले. पुढे कामावर घेतलं, पण खालच्या जागेवर, थेट आंबागडला, गडाच्या पायथ्याशी. मुख्याध्यापक मी झालो. बातमी गाजली म्हणून इमारतही मंजूर झाली — पक्की, स्लॅबची. उद्घाटनाला सभापतींनी माझ्या गळ्यात हार घातला. ती बातमीही मीच लिहिली. कसं झालं उद्घाटन? उत्साहात.

शेवंताचा गुडघा आजही वाकत नाही. रोवण्याच्या दिवसांत गावच्या बाया चिखलात वाकून धान लावतात. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पाय लांब करून बसते आणि रोपांच्या पेंढ्या फेकते. मी सायकलवरून जातो. "नमस्ते गुरुजी," म्हणते.

इथं थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, तरुण होता, नोकरी जाईल म्हणून भ्याला. मीही स्वतःला तेच सांगत आलो. पण मी सांगायला बसलो ते हे नाही. इतका वेळ मी तुम्हालाही वळसाच घालायला लावला.

पाच-सहा वर्षांनी शहापूरला हायवेवर एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. गुरुजी दिसले. निवृत्त झालेले, पार वाळलेले. मला वाटलं, तोंड फिरवतील. त्यांनी बाकावर सरकून जागा केली. पोराबाळांचं विचारलं. मग म्हणाले,

"एक इचारू का गा? राग नोको मानू. सुताराचं — तू मले म्हनला होता का? का मलेच तसं वाटलं? तापातून उठलो होतो ना. घरचे म्हनते, तुमाले भास झाला. मी आठवून आठवून थकलो. म्या त्या गरिबावर खोटा आळ घेतला असन, त..."

समजलं ना तुम्हाला? हा माणूस मला विचारत नव्हता की तू खोटं का बोललास. तो विचारत होता, मी खोटा आहे का?

बाकावर तिसरं कुणी नव्हतं. चौकशी केव्हाच मिटलेली. त्यांची नोकरी संपलेली, माझी पक्की. 'हो' म्हणालो असतो तर माझं काय गेलं असतं? काहीच नाही. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात माया आणली — नाटकात आणायचो तशीच. म्हणालो, "नाही गुरुजी. मी तसं काही म्हणालो नव्हतो. तापात होतं माणसाला असं."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं सांगतलं," म्हणाले. "आता मोकळा झालो."

आणि मला काय वाटलं? लाज नाही वाटली. किती लवकर पटतं या म्हाताऱ्याला, असं वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पानठेल्यावर तुळशीराम सुतार भेटला. म्हणाला, "काय सांगू गा मास्तर! तो हटवार गुरुजी आला होता घरी, शहापुरावून. बाप्पा, एवढा मानूस, माह्या पायावर डोकं ठेवून राहिला! माफी कर म्हने, म्या तुह्यावर आळ घेतला. मी म्हनलं, उठा जी, कायले लाजवता. म्हातारा येडा झाला वाटते गा."

तो हसायला लागला. मीही हसलो. दोघांच्या पानाचे पैसे मी दिले.