काठवाले चाचा

नसरीन, खुर्ची जरा जवळ ओढ आणि हे नीट वाच. परवा परीक्षेला जळगावात आलीस, मेहरूणला माझ्या गोडाऊनवरून रिक्षाने गेलीस, आणि मान वळवून बघितलंसुद्धा नाहीस! लहानपणी याच गोडाऊनमध्ये थर्माकोलच्या हत्तीवर बसून डबा खायचीस ना गं? रागावलेच मी. मग लगेच वाटलं, हिला रागवायला आपल्याला तोंड उरलंय कुठे.

तुझ्या अब्बांना तू घरात पाहिलंस, मी मांडवात पाहिलं. आम्ही सगळे डेकोरेशनवाले त्यांना 'काठवाले चाचा' म्हणायचो. लग्नाच्या स्टेजला ते बारीक दिव्यांची स्क्रीन बसवून द्यायचे. ती सुरू झाली की बाकीचे मधलं चित्र बघत. चाचा मात्र डोळे बारीक करून कडेकडेने बघत जायचे, बायका लुगड्याचा काठ तपासतात तसे. म्हणायचे, "अक्का, मधला भाग कोणीबी पाहतो. काम काठावर कळतं."

चौकोनी स्क्रीन कुणालाही जमते. पण हल्ली लग्नात चौकोन कुणाला हवा असतो? गोल पाहिजे, कमान पाहिजे, कोयरी पाहिजे. आणि दिवे तर सगळे सरळ रांगेत बसवलेले. वळण आलं की काठाला पायऱ्या पडतात. चाचा चौकड्यांच्या कागदावर पेन्सिलीने आकार काढायचे आणि काठावरचा एकेक दिवा बघायचे. रेघेच्या आत निम्मा आला तर त्याला निम्मा उजेड, पाव आला तर पाव. त्या एकेका दिव्यात पुन्हा लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके. तेही तोलून कमी करायचे, नाहीतर काठाने लाल दोरा उसवल्यासारखा दिसतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मला मात्र त्यांनी दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा मी फोनवर बोलत होते.

गंमतीही करायचे. रावेरच्या एका केळीवाल्या शेठना मुलाच्या लग्नात केळ्याच्या आकाराची स्क्रीन हवी होती. चाचा गंभीरपणे म्हणाले, "शेठ, करून देतो. फक्त सांगा, केळात नवरा बसवू का नवरी? दोघं काही मावायचे नाहीत." शेठ इतके हसले की कमानीवर तयार झाले. आकारात बसावं म्हणून फोटो ताणणं मात्र चाचांना अजिबात खपत नसे. "स्क्रीन वाकडी म्हणून माणसाचं तोंड का वाकडं करायचं?" एकेक फोटो सरकवून, पुन्हा कापून, सगळे चेहरे आत घ्यायचे. मग मांडवात सगळ्यांत मागची खुर्ची धरून बसायचे. तिथून मनासारखं दिसलं, तरच चहा प्यायचे.

आता पारोळ्याचं सांगते. हे सांगायलाच लिहायला बसले, आणि बघ, इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले.

मुलीचं लग्न, स्टेजवर भली मोठी कोयरी. मुलीचे वडील नाना माझ्यासोबत स्टेजवर उभे होते. जळगावचे चार डेकोरेशनवालेही आले होते. स्क्रीन लागली. मी हातभर अंतरावरून बघितलं तर काठाचे दिवे मंद! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत ओरडले, "चाचा, जुने दिवे लावले का हो? मला फसवता?"

ते शांतपणे म्हणाले, "अक्का, पंधरा पावलं मागे जा. मग बोला."

"मला पावलं मोजायला शिकवू नका," मी म्हणाले, आणि स्वतःच काठाचा उजेड पूर्ण वाढवला. त्यांची आठ दिवसांची मांडणी पुसून टाकली. चाचांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला. जाताना एवढंच म्हणाले, "दिवे नवे शेत, अक्का, जुने नाहीत."

पाहुणे जमल्यावर नाना धावत आले. "हाई काय शे, अक्का? करवतना दात दिसतस! बठ्ठा लोक हासी राह्यनात!" लोक खरंच हसत होते. मी शेवटच्या रांगेत जाऊन बघितलं. कोयरीला करवतीसारखे दातच दात, आणि काठाने तो लाल दोरा. पंधरा पावलं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं.

कळलं, तरी मी काय केलं ठाऊक आहे? ते चौघे शेजारीच उभे होते. माझ्या तोंडून निघालं, "चाचांनी जुना माल लावला आणि पळून गेले."

महिनाभरात ही गोष्ट सगळीकडे झाली. काठवाल्या चाचांना जळगावात कुणी काम देईना. तुम्ही धुळ्याला का गेलात याची कारणं लोक काहीही सांगोत, खरं कारण हे.

मागच्या वर्षी मी धुळ्याला गेले होते. तुझ्या मामांच्या मोबाईल दुकानात ते बसलेले दिसले. "या अक्का, तब्येत कशी?" म्हणत त्यांनीच स्टूल पुढे केलं. वाटभर माफीचे शब्द घोकत गेले होते. शेवटी मोबाईलला काच बसवून घेतली आणि परत आले. एसटीत नवी काच बघत बसले होते, आणि तिच्यात माझाच चेहरा दिसत होता. नको नको झालं मला.

गेल्या आठवड्यात त्या चौघांना फोन करून खरं सांगावं म्हणून बसले. मग वाटलं, एकेकट्याच्या कानात सांगायचं म्हणजे पुन्हा लपवालपवीच. चारचौघांत बोलले, चारचौघांतच परत घ्यायला हवं. म्हणून चौघांना रविवारी गोडाऊनवर बोलावलंय. पारोळ्याहून नानाही येतायत. कशासाठी, ते कुणालाच सांगितलेलं नाही.

तुझ्या अब्बांना घेऊन ये, पोरी. त्यांनी मला माफ करावं म्हणून नाही. ते बोलणं त्यांच्या कानावर पडावं म्हणून. नाही म्हणाले तर जोर करू नकोस, त्यांचा तो हक्क आहे. मग तू एकटी ये. पण या रविवारी येच, बाई. पुढच्या रविवारपर्यंत माझा धीर टिकेल, याची मलाच खात्री नाही.